परदेशातून आलेल्या कमलाबाई

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार आणि तीत प्रत्येकीने काही ना काही लिहावे, असे ठरले तेव्हा मी बैठकीत सगळ्यांत मागे बसले होते. माझे शिक्षण सातवी. "तू एखादी पाककृती दे म्हणजे झाले," असे मला सांगण्यात आले. पण वरणबट्टी आणि भरीत यांवर आपल्या चोपड्यातल्या बायकांना मी नवे ते काय सांगणार? म्हणून थोडे धाडस करून एका थोर बाईंची हकीकत लिहीत आहे. लिहिण्याची सवय नाही. चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावे.

ही हकीकतच का लिहावीशी वाटली, ते आधी सांगते. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्यातलीच एक बहीण आली होती. तिचा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याला नीट चालता येत नाही, बोलणेही तुटक आहे. मी सहज विचारले, "त्याला का नाही आणलेत?" ती हलक्या आवाजात म्हणाली, "कशाला आणू? त्याला काही करता येत नाही. घरात आहे तेच बरे." वाण घेऊन ती लगेच निघाली. तिचा काही दोष नाही. आपण सगळ्याजणी त्या मुलाकडे कशा पाहतो, ते तिला ठाऊक आहे. पण "त्याला काही करता येत नाही" हे शब्द मी माझ्याच घरात पुष्कळ वर्षे ऐकले होते, आणि स्वतः बोललेही होते. ते शब्द खोटे असतात, हे आपल्या देशाला शिकवण्यासाठी ज्या बाईंनी आपले आयुष्य वेचले, त्या कै. कमलाबाई निंबकर. त्यांचेच चरित्र येथे थोडक्यात देते.

कमलाबाईंचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. जन्म १९०० सालचा, अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतातला. घराणे क्वेकर पंथाचे. हा पंथ ख्रिस्ती लोकांतलाच. तो सतराव्या शतकात इंग्लंडात निघाला आणि पुढे अमेरिकेत पसरला. यांच्या प्रार्थनेला पुरोहित लागत नाही. सारी मंडळी एकत्र येऊन शांत बसतात. प्रत्येक माणसाच्या ठिकाणी देवाचा अंश आहे, असे ते मानतात. आपल्या संतांनीही हेच सांगितले आहे. त्यामुळे लढाईला त्यांचा विरोध, गुलामगिरीला विरोध, आणि मुलींना शिकवण्याला मात्र पाठिंबा.

या पंथाची एक जुनी गोष्ट येथेच सांगते, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. पूर्वी वेड लागलेल्या माणसांना साखळदंडाने बांधून कोंडून ठेवीत. इंग्लंडात यॉर्क गावी विल्यम ट्यूक नावाच्या चहाच्या क्वेकर व्यापाऱ्याने १७९६ साली अशा लोकांसाठी एक घर उघडले. तेथे त्यांना साखळ्यांऐवजी काम मिळे. कोणी बागेत खपे, कोणी शिवणकाम करी. आपल्या हातून काही चांगले घडते आहे हे पाहून माणसाचे मन ताळ्यावर येते, असा त्यांना अनुभव आला. काम हेच औषध, हा विचार त्या घरात रुजला.

अशा घराण्यात एलिझाबेथबाई वाढल्या आणि शिकून शिक्षिका झाल्या. विष्णू निंबकर या मराठी गृहस्थांशी त्यांचा विवाह झाला आणि १९३० साली त्या हिंदुस्थानात आल्या. ते मिठाच्या सत्याग्रहाचे साल. देशभर लोक तुरुंगात जात होते. गोऱ्या माणसांविषयी मनात राग असण्याचे ते दिवस. अशा वेळी एक गोरी बाई मराठी घरात सून म्हणून आली आणि तिने कमला हे नाव घेतले.

भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळजणींची नावे लग्नात तांदळाच्या ताटात बदलली गेली. माहेरचा गाव सोडून परक्या घरी जाऊन तेथील रीतभात शिकणे म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको. माझे माहेर तर याच तालुक्यात आहे, तरी पहिल्या वर्षी मी डोळे पुशीत होते. या बाई सातासमुद्रापलीकडून आल्या. भाषा निराळी, अन्न निराळे, हवा निराळी. तरी त्या येथल्याच झाल्या आणि अखेरपर्यंत येथेच काम करीत राहिल्या. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी फलटणला शेतीच्या संशोधनाचे मोठे काम केले. त्यांना २००६ साली पद्मश्री मिळाली. सूनबाई जाई निंबकर या लेखिका. इरावतीबाई कर्वे यांच्या त्या कन्या, म्हणजे महर्षी अण्णासाहेब कर्व्यांची नात. विधवांसाठी आणि मुलींच्या शिक्षणासाठी झिजलेल्या अण्णासाहेबांच्या घराशी कमलाबाईंच्या घराचे असे नाते जुळले.

कमलाबाई येण्याआधी आपल्याकडे अपंग मुलांसाठी काहीच नव्हते, असे म्हणणे बरोबर होणार नाही. मुंबईस माझगावला मूकबधिर मुलांची शाळा १८८५ सालीच निघाली होती. ती भारतातील अशी पहिली शाळा समजतात. पुढे १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पडला. त्या दुष्काळाने खानदेश, गुजराथ, नगर सारे होरपळले. आईबापांवेगळी झालेली कितीतरी मुले उघड्यावर आली आणि त्यांत आंधळी मुलेही होती. तेव्हा मिस मिलार्ड या अमेरिकन बाईंनी १९०० साली मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. आज दादरला कमला मेहता अंध शाळा म्हणून जी शाळा आहे, तिचे मूळ हेच. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात अंध मुली होत्या. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी त्यांना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली.

पण ही कामे म्हणजे समुद्रात दिव्याएवढा उजेड. खेडोपाडीचे पांगळे मूल घरातल्या कोपऱ्यातच राही. कोणी त्याला मागच्या जन्मीचे पाप म्हणे, कोणी आईला बोल लावी. दवाखान्यात नेले तर डॉक्टर ताप उतरवीत, हाड बसवीत, आणि घरी पाठवीत. ताप उतरल्यावर, हाड सांधल्यावर पुढे काय? लुळ्या हाताने ते मूल जेवणार कसे, अंगरखा घालणार कसे, शाळेत पाटी धरणार कशी, हे दवाखान्यात कोणी शिकवीत नसे.

हे शिकवण्याचेही एक शास्त्र आहे. इंग्रजीत त्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात आणि मराठीत व्यवसायोपचार. व्यवसाय म्हटले की आपल्याला दुकान किंवा धंदा आठवतो, पण येथे तो अर्थ नव्हे. माणूस सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत जे जे करतो ते सगळे येथे व्यवसाय. दात घासणे, वेणी घालणे, भाकरी मोडणे, बटण लावणे, लिहिणे, खेळणे, सगळे त्यात आले. मुलाचा तर खेळ हाच मुख्य व्यवसाय. ही कामे ज्याला करता येत नाहीत त्याला ती पुन्हा, किंवा निराळ्या रीतीने, करायला शिकवायची, आणि त्या कामांतूनच त्याच्या अंगातली शक्ती वाढवायची, असे हे शास्त्र आहे. माती मळताना बोटे सुटतात. मागावर विणताना खांदा हलतो. मुलाला वाटते आपण खेळतो आहोत, आणि तेवढ्यात त्याचा व्यायाम होऊन जातो.

यॉर्कच्या त्या घरातला विचार पुढे अमेरिकेत गेला. १९१७ साली तेथे या शास्त्राची पहिली संस्था स्थापन झाली. त्याच सुमारास पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेले हजारो सैनिक परत येऊ लागले. त्यांना नुसते बसवून ठेवण्यापेक्षा कामाला लावावे, म्हणून बायकांना हे शिक्षण देऊन रुग्णालयांत नेमले गेले. फिलाडेल्फिया शहरात १९१८ साली याची शाळा सुरू झाली.

आता कमलाबाईंकडे वळते. मुंबईत त्यांनी मुलांना शिकवण्याचे काम केले. संसार होता, मूल होते. वयाची चाळिशी उलटली होती. अशा वयात आपण म्हणतो, आता काय शिकायचे, आता सुनेचे पाहायचे. कमलाबाई मात्र अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियाच्या त्याच शाळेत विद्यार्थिनी होऊन बसल्या आणि व्यवसायोपचार शिकून परत आल्या. मी स्वतः चाळिशी ओलांडलेली आहे, म्हणून मला या गोष्टीचे फार वाटते. पंचविशीतल्या मुलींच्या शेजारी बाकावर बसून हाडांची आणि स्नायूंची नावे पाठ करणारी ती बाई डोळ्यांपुढे आणून पाहा.

परत आल्यावर त्यांनी काय करावे? एखाद्या मोठ्या दवाखान्यात खोली घेऊन रोगी तपासत बसल्या असत्या तर नाव झाले असते, पैसाही मिळाला असता. पण त्या हाडाच्या शिक्षिका. एकटीने उपचार केले तर दिवसाला दहा मुलांना पाहता येईल. त्यापेक्षा दहा मुलींना हे शास्त्र शिकवले तर त्या दहाजणी गावोगाव जातील आणि आणखी दहाजणींना शिकवतील. म्हणून त्यांनी शाळा काढली. मुंबईस परळला १९२६ सालापासून के. ई. एम. रुग्णालय आहे. तेथे १९५० साली कमलाबाईंची व्यवसायोपचाराची शाळा सुरू झाली. भारतातील ही पहिली. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, आणि घटनाही त्याच वर्षी लागू झाली.

त्या काळी मुंबईत पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलांचा प्रश्न मोठा होता. फातेमा इस्माईल नावाच्या एका मातेची मुलगी पोलिओने अधू झाली. त्या बाईंनी मुलीसाठी जिवाचे रान केले आणि मग सगळ्यांच्याच मुलांसाठी १९४७ साली मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था काढली. एकीकडे अशा माता, दुसरीकडे कमलाबाईंसारख्या शिक्षिका, असा तो काळ होता.

१९५२ साली कमलाबाईंच्या पुढाकाराने भारतातल्या व्यवसायोपचारकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी दहा देशांच्या संघटनांनी मिळून या शास्त्राची जागतिक संघटना उभी केली. त्या पहिल्या दहांत आपला भारत होता. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा अशा श्रीमंत देशांच्या रांगेत, स्वातंत्र्य मिळून पाचच वर्षे झालेला आपला देश बसला, तो या बाईंमुळे. त्या जन्माने अमेरिकन होत्या, पण तेथे बोलल्या त्या भारताच्या वतीने. पुढे १९५८ साली नागपूरलाही अशी शाळा निघाली, म्हणजे विदर्भातल्या मुलींना मुंबई गाठण्याचे कारण उरले नाही. अपंगांच्या पुनर्वसनाविषयी त्यांनी नियतकालिकही चालवले आणि भारतात हे काम कसे वाढले त्याचा इतिहास लिहून ठेवला. १९७९ साली त्यांचे निधन झाले.

एवढ्या मोठ्या बाईंची ओळख माझ्यासारखीला कशी झाली, असे तुम्ही विचाराल. ते सांगण्यासाठी मला घरची गोष्ट सांगावी लागेल. अनेक दिवस सांगू की नको असे चालले होते. पण धाकटीनेच मला परवानगी दिली आहे.

माझे माहेर तालुक्यातल्याच एका खेड्यात. घरची थोडी जिरायत जमीन. माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. १९८७ साली, ती दोन वर्षांची असताना, तिला ताप आला आणि चौथ्या दिवशी पाय लुळे पडले. उजवा हातही गेला. पोलिओ होता. घरोघरच्या मुलांना एकाच दिवशी डोस देण्याची मोहीम आपल्याकडे १९९५ साली सुरू झाली, तेव्हा आमची धाकटी दहा वर्षांची झाली होती.

माय कापूस वेचायला जाई. धाकटी माझ्या कडेवर. मी तिला शाळेत नेत असे, वर्गात बसवीत असे, दुपारी डबा भरवीत असे. गावची शाळा सातवीपर्यंत. आठवीला चोपड्याला एस.टी.ने यावे लागे. मी गेले तर तिला शाळेत कोण नेणार? म्हणून मी सातवीनंतर थांबले आणि तिची सातवी होईपर्यंत तिला उचलून नेत राहिले. मला याचे वाईट वाटत नाही. सगळा गाव म्हणे, बहीण असावी तर अशी. न्हाऊमाखू घालणे, वेणी घालणे, घास भरवणे, सारे मी करी. पाणीसुद्धा तिला स्वतः पिऊ दिले नाही. सांडेल, कपडे भिजतील.

२००० साली माझे लग्न झाले. पुढच्या आखाजीला माहेरी गेले. झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणत होत्या. मी घरात शिरले तर धाकटी ताटापुढे बसलेली, भाकरी वाळून गेलेली. माय शेतातून यायची होती. सोळा वर्षांची मुलगी, समोर अन्न, आणि भरवायला कोणी नाही म्हणून उपाशी. मी रडत रडत तिला भरवले आणि मनात म्हटले, मी लग्न केले हेच चुकले.

त्याच पावसाळ्यात अपंगांच्या तपासणीचे एक शिबिर होते. तेथे आम्ही धाकटीला नेले. एका ताईंनी तिला तपासले. त्या व्यवसायोपचाराच्या जाणकार होत्या. त्यांनी तिच्या हाती पेन्सिल दिली. धाकटीने डाव्या हाताने सुरेख अक्षरात आपले नाव लिहिले. ताईंनी विचारले, "जेवतेस कशी?" मी म्हटले, "मी भरवत असे. तिला जेवता येत नाही." ताई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "जो हात लिहितो तो जेवत का नाही?"

भगिनींनो, मला उत्तर देता येईना. डाव्या हाताने जेवू नये, असे आजीने सांगितलेले. तिचा उजवा हात चालत नाही, म्हणून तिला जेवता येत नाही, असे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. चौदा वर्षे चांगला असलेला हात आम्ही मांडीवर ठेवून दिला होता. ताई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुम्ही केलेत ते मायेनेच केलेत. पण मायेने बांधलेला हातसुद्धा बांधलेलाच असतो."

मग त्यांनी काय औषध दिले? गोळी नाही, सुई नाही. ताट सरकू नये म्हणून त्याखाली ओले फडके अंथरायला सांगितले. कडा उभ्या असलेली पितळी घ्या म्हणाल्या. चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून तो जाड केला, म्हणजे पकड बसते. पेला अर्धाच भरायचा. वेणीऐवजी केस थोडे कमी करायचे, म्हणजे ती स्वतः विंचरील. शेवटची गोष्ट मला सांगितली आणि तीच सर्वांत कठीण होती. तिचे सांडू लागले की हात पुढे करायचा नाही, गप्प बसायचे.

पहिल्या दिवशी अर्धे वरण जमिनीवर गेले. आजीने तोंड फिरवून घेतले. माय म्हणाली, "पोरीचे हाल करता." मी माझेच हात पदरात गुंडाळून बसले होते. दिवाळीपर्यंत धाकटी आपल्या हाताने जेवू लागली. पुढे तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि २००६ साली दहावी पास झाली. माझ्यापेक्षा तीन इयत्ता पुढे गेली. आज ती माहेरच्या गावातल्या बचतगटाचा हिशेब ठेवते, आणि पै चुकत नाही. या लेखाचे शुद्धलेखनही तिनेच केले आहे, डाव्या हाताने.

त्या ताईंना मी नंतर एकदा विचारले, "हे तुम्ही कोठे शिकलात?" त्या म्हणाल्या, "मुंबईला. आणि आम्हाला ज्यांनी शिकवले, त्यांना शिकवणाऱ्या बाई अमेरिकेहून आल्या होत्या. कमलाबाई निंबकर." तेव्हा मी हे नाव प्रथम ऐकले. कमलाबाई चोपड्याला कधी आल्या असतील असे मला वाटत नाही. आमचे खेडे तर त्यांच्या कानावरही गेले नसेल. त्यांच्या निधनानंतर बावीस वर्षांनी त्यांची विद्या माणसामाणसांतून चालत आली आणि माझ्या बहिणीच्या ताटापर्यंत पोचली. त्यांनी स्वतः उपचार करण्याऐवजी शाळा का काढली, ते मला त्या दिवशी कळले.

फलटणला त्यांच्या नावाने कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा आहे. मॅक्सिन बर्नसन या बाईंनी १९८४ साली तेथे प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली आणि त्या संस्थेने १९८६ साली ही शाळा सुरू केली. ही शाळा केवळ अपंगांची नव्हे, सर्व थरांतल्या मुलांची आहे. या मॅक्सिनबाईही अमेरिकेतूनच आलेल्या. मराठी शिकल्या, फलटणला राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या, आणि ज्यांना शाळेत मागे बसवतात अशा गरीब मुलांना वाचायला शिकवण्यात रमल्या. परक्या देशातून आलेल्या एका बाईंची आठवण तशाच आलेल्या दुसऱ्या बाईंनी जपली, आणि तीही मराठी शाळेच्या रूपाने, ही आपल्या महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे.

आता काळ बदलला आहे. पोलिओचा शेवटचा रोगी आपल्या देशात २०११ च्या जानेवारीत आढळला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. माझ्या बहिणीवर आली ती पाळी आता कोणा मुलीवर येणार नाही, याचा आनंद मोठा आहे. पण जन्मतः मेंदूला इजा झालेली, मतिमंद, ऐकू न येणारी, आपल्याच नादात राहणारी मुले आजही घरोघरी जन्माला येतात. त्यांच्यासाठी १९९५ साली कायदा झाला आणि २०१६ साली त्याहून मोठा नवा कायदा आला. पूर्वीच्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व धरले होते, नव्यात एकवीस प्रकार धरले आहेत. सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत किंवा खास शाळेत फुकट शिकण्याचा हक्क आहे. ही मेहेरबानी नव्हे, कायदा आहे. ज्या माउलीला हे ठाऊक नसेल तिला आपण सांगितले पाहिजे. दाखल्यासाठी खेपा घालाव्या लागतात. एकटी बाई कंटाळून जाते. तिच्याबरोबर आपल्यातली एखादी गेली तरी तिला धीर येईल.

पण कायद्याने शाळेचे दार उघडते, घरातल्या कोपऱ्याचे नाही. ते आपण बायकांनीच उघडायचे आहे. मी मंडळापुढे लहानशा तीन गोष्टी ठेवते. पहिली, पुढच्या हळदीकुंकवाला आणि कानबाईच्या उत्सवाला ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी ते घेऊन यावे, आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे टक लावून पाहू नये. "असे कसे झाले हो?" हा प्रश्न त्या आईने हजारदा ऐकलेला असतो. दुसरी, त्या मुलाला काही तरी काम द्यावे. तिळगूळ वाटणे, फुले मांडणे, जे जमेल ते. सांडले तर सांडू द्यावे. तिसरी, आपल्या मंडळाच्या सतरंजीवर बसता न येणाऱ्यांसाठी दोन खुर्च्या आणि पायरीशी एक फळी ठेवावी. खर्च फार नाही. ती फळी गुडघे दुखणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांच्याही कामी येईल.

आणि ज्या बहिणी आपल्या अपंग मुलासाठी रात्रंदिवस झिजतात, त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे. तुमच्या मायेत उणे नाही. माझ्याही मायेत नव्हते. पण आपण कायमच्या नाही. कोणाचे लग्न होते, कोणी थकते, कोणी देवाघरी जाते. आपण नसताना त्या मुलापुढे ताट असेल, तेव्हा त्याचा हात त्याला उपयोगी पडला पाहिजे. म्हणून आजच थोडे सांडू द्या.

कमलाबाई परक्या देशातून आल्या, आपल्या झाल्या, आणि चाळिशीनंतर शिकून त्यांनी आपल्याला शिकवले. त्यांच्या स्मृतीला मी आणि माझी धाकटी बहीण, दोघी मिळून नमस्कार करतो. पुढच्या संक्रांतीला त्या आठ वर्षांच्या मुलाच्या हातून आपण सर्वांनी तिळगूळ घ्यावा, एवढी इच्छा सांगून माझा लेख पुरा करते.